जुन्या पिकअपचे शीतयंत्र

पुणे-बंगळूर महामार्ग कागलच्या पुढे राज्याची सरहद्द ओलांडून निपाणीच्या मुलखात उतरतो आणि तवंदीचा घाट चढून संकेश्वरमार्गे बेळगावकडे निघतो. या पट्ट्यात तंबाखू, भाजीपाला आणि घरची माणसे एकाच खेपेत वाहून नेणाऱ्या ज्या जुन्या दुहेरी केबिनच्या गाड्या आहेत, म्हणजे बोलेरो कॅम्पर, टाटा झेनॉन, स्कॉर्पिओ गेटअवे, त्यांतील वातानुकूलनाला चैन समजण्याचा प्रघात आहे. परंतु वैशाखातील दुपारची फेरी करणाऱ्या, आणि त्याहूनही अधिक, आषाढात चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना धुरकटलेल्या काचेपुढे जीव मुठीत धरून बसणाऱ्या चालकाला, आतल्या हवेतील बाष्प शोषून काच निर्मळ करणारे हे यंत्र केवढा आधार देते, याची कल्पना घरबसल्या येणे कठीण.

या यंत्राचा प्राण म्हणजे कॉम्प्रेसर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीला जेव्हा चुंबकीय क्लच जोडून घेतो, तेव्हा आतील तिरक्या तबकडीमुळे लहान लहान दट्टे पुढेमागे सरकून वायूला दाबतात. तो तप्त वायू रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रवरूप होतो, ड्रायरमधून गाळला जातो, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सूक्ष्म छिद्रातून सुटताच दाब उतरल्यामुळे डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता घेऊन पुन्हा वायुरूप होतो. ओझोनच्या आवरणाला घातक ठरलेला आर-१२ हा वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाक्रमाने मागे पडला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला, जो वातावरणाच्या दाबाखाली उणे २६ अंशांवर उकळतो. या सर्व रचनेतील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, कॉम्प्रेसरचे वंगण बहुतांशी या वायूच्या संगतीनेच नळ्यांतून हिंडते. वायू गळून कमी झाला की तेलही परत येईनासे होते, दट्टे कोरडे घासू लागतात, आणि एके दिवशी कॉम्प्रेसर जाम होतो.

म्हणूनच, जाम झालेला कॉम्प्रेसर काढून त्याच मापाचा नवा बसवणे एवढ्यालाच जे दुरुस्ती म्हणतात, ते रोग सोडून रोग्याचा अंगरखा बदलतात, असे माझे स्पष्ट मत आहे. “मेस्त्री, नुसता कॉम्प्रेसर बसवा की, बाकीचं पुढच्या खेपेला बघू,” अशी मालकाची विनंती असते. खर्चाची तोंडमिळवणी करणाऱ्या शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. “बसवतो की मालक, पण आतला बूर काढला नाही तर नवाही खाईल बघा,” हे उत्तर देण्याचे धैर्य ज्या कारागिरात असते, तोच खरा मेस्त्री.

तो प्रथम उरलेला वायू हवेत न सोडता यंत्राने काढून घेतो. कारण आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक आहे. मग जुना कॉम्प्रेसर उपडा करून त्यातील तेल मापाच्या पेल्यात ओततो आणि उजेडात धरून पाहतो. तेल पारदर्शक असेल तर हानी कॉम्प्रेसरपुरतीच आहे. ते काळे असून त्यात रुपेरी कण चमकत असतील, तर भुकटी कंडेन्सरपर्यंत पोहोचली असे समजावे. नळ्या आणि कॉइल द्रावणाने धुऊन निघतात; ड्रायर मात्र बदलावाच लागतो, बहुधा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही, आणि केसासारख्या अरुंद मार्गांचा नव्या धर्तीचा कंडेन्सर धुतल्याने शुद्ध होत नसल्याने तोही. तेलाचा हिशेब तितकाच काटेकोर असतो: सर्व प्रणाली धुतली असेल तर पूर्ण माप, केवळ कॉम्प्रेसर बदलला असेल तर जेवढे निघाले तेवढेच. अंदाजाने ओतलेले जादा तेल थंडावा मारते आणि कमी तेल कॉम्प्रेसर मारते.

बेळगावची ओतशाळा, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक यंत्रे आणि उद्यमबागेतील लेथ यांची परंपरा पाहता, पुलीची बेअरिंग किंवा शाफ्टचे सील बदलून जुना कॉम्प्रेसर पुन्हा कामास लावण्याची तजवीज येथे सहज होते, आणि ती प्रामाणिक दुरुस्ती आहे. चरे पडलेल्या सिलिंडरला नवा रंग देऊन ‘रिकंडिशन’ म्हणून विकणे ही मात्र प्रतारणा होय. त्याहूनही अक्षम्य म्हणजे स्वस्ताईसाठी स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वालाग्राही वायू भरणे. टक्कर झाल्यास तो माणसांच्या जिवावर उठतो.

जोडणी झाल्यावर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने सांधे तपासावेत, अर्धापाऊण तास व्हॅक्यूम ओढून तो टिकतो की नाही याची खातरजमा करावी, मगच ठरलेल्या वजनाचा वायू तराजूवर मोजून भरावा. सुरू करण्यापूर्वी कॉम्प्रेसरची पुढची चकती दहाबारा वेळा हाताने फिरवण्यास मी फार महत्त्व देतो, कारण त्याने आत साचलेले तेल पसरते आणि पहिल्याच धक्क्याला झडपा मोडण्याचा संभव टळतो.

अंगणात उभ्या गाडीत गार वारा लागला म्हणून काम संपले असे चाणाक्ष मेस्त्री मानत नाही. मागे माल भरून, तवंदीचा चढ खालच्या गिअरमध्ये चढताना, जेव्हा समोरून येणारी हवा कमी आणि इंजिनाचा ताप अधिक असतो, तेव्हा पंखा कंडेन्सरला पुरेसा थंड ठेवतो का आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा जागच्या जागी राहतो का, हे पाहून तो गाडी मालकाच्या स्वाधीन करतो.