लहान पक्षी, मोठी परीक्षा

1908 च्या सुमारास मुंबईतील एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. ती नेहमीच्या चिमणीसारखीच होती. फक्त गळ्यावर पिवळा डाग होता. मामांच्या सांगण्यावरून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे त्यांचे सारे आयुष्य पक्ष्यांच्या अभ्यासात गेले.

दिसण्यातील असे साम्य आजही उपनगरांतील पक्षिनिरीक्षकांची परीक्षा पाहते. अंधेरी-घाटकोपरच्या सोसायट्यांतील कुंपणांत शेपटी उभारून फिरणारा चिमुकला पक्षी बहुधा शिंपी असतो. त्याचा माथा तांबूस, पाठ हिरवट आणि पोट पांढरट असते. राखी वटवट्याही शेपटी अशीच उभारतो. मात्र त्याचे डोके व पाठ राखाडी आणि पोट पिवळसर तांबूस असते. साधा वटवट्या मातकट रंगाचा, फिकट भुवईचा. तो गवतात रमतो. शिवलेल्या पानांचे घरटे दिसले म्हणून तो शिंपीच, असेही म्हणता येत नाही. राखी वटवट्याही पाने शिवतो.

शिंजीर पक्ष्यांच्या माद्याही अशाच चकवतात. जांभळ्या शिंजीराच्या मादीचा गळा पिवळसर असतो, तर जांभळ्या पाठीच्या शिंजीराच्या मादीचा गळा राखाडी-पांढरा आणि पोट पिवळे. बांडगुळाच्या फळांभोवती आखूड शेपटीचा, त्याहून लहान पक्षी दिसला, तर तो फुलटोच्या असण्याची शक्यता अधिक.

खरी कसोटी हिवाळ्यात लागते. उत्तरेकडून येणारे पर्णवटवटे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि मुलुंडच्या बाजूच्या झाडीत उंच पानांआड वावरतात. पंखावरील पुसट पट्टी झिजते, उन्हात रंग फसवतो. म्हणून प्रथम जागा, मग हालचाल व आवाज, नंतर चोच आणि शेपटी पाहावी. रंगाचा विचार शेवटी करावा.

कोणता पक्षी कोठे टिकला आणि कोठून नाहीसा झाला, हे अशा नोंदींवरूनच कळते. चुकीच्या नावाने केलेली नोंद झाडी तुटल्याचा परिणामही झाकू शकते. म्हणून खात्री नसेल तेव्हा ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ एवढेच लिहिणे हीच प्रामाणिक आणि उपयुक्त नोंद होय.