आभाळातली घार आणि सेन्सरवरची धूळ

डिसेंबरात भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी सूर्योदयाचे आणि रोहित पक्ष्यांचे फोटो काढले. घरी संगणकावर पाहिले, तर आभाळात वर डावीकडे एक करडा ठिपका. वाटले, लांबवर घार असेल. पण ही घार पुढच्या चाळीस फोटोंत त्याच जागी तरंगत होती, आणि महिनाभरापूर्वी राजगडावर काढलेल्या फोटोंतही. गंमत म्हणजे मधल्या काळात भाचीच्या लग्नात काढलेले फोटो मात्र अगदी स्वच्छ!

घार म्हणजे अर्थातच धूळ. लेन्स बदलताना ती कॅमेऱ्यात शिरते आणि सेन्सरपुढच्या काचेच्या फिल्टरवर बसते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर ३६ मिलिमीटर रुंदीत ६,००० पिक्सेल असतात, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. केसाचा बारीकसा तुकडाही दहा-बारा पिक्सेल झाकणार.

मग लग्नात तो का दिसला नाही? हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे होते. तेव्हा प्रकाश अनेक कोनांतून येतो आणि कणाची सावली पसरून विरते. एफ १६ किंवा एफ २२ ला छिद्र लहान होते आणि सावली रेखीव पडते. ट्यूबलाइटखाली हाताची सावली धूसर आणि टॉर्चपुढे ठळक पडते, तसेच हे.

खात्री करायची तर आयएसओ १०० ठेवा, अ‍ॅपर्चर एफ २२, फोकस मुद्दाम चुकवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. शटर उघडे असताना कॅमेरा थोडा हलवा. भिंतीवरचे डाग पुसट होतील, धूळ मात्र जागच्या जागी राहील. लेन्स बदलूनही ठिपका तिथेच, तर लेन्सला दोष देऊ नका. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या तोंडातून पाहताना फोटोत वर असलेला कण खाली शोधायचा. डावा मात्र डावीकडेच.

जागा न सोडण्याची ही खूण दवाखान्यातही उपयोगी पडते. मधुमेहींच्या दृष्टिपटलाचे फोटो फंडस कॅमेऱ्याने घेतात. मधुमेहामुळे पडद्यावर रक्तस्रावाचे बारीक ठिपके पडतात, आणि कॅमेऱ्यातली धूळही तशीच भासू शकते. दोन्ही डोळ्यांच्या, शिवाय पुढच्या रुग्णाच्याही फोटोत ठिपका चौकटीत त्याच ठिकाणी असेल, तर दुखणे कॅमेऱ्याचे. रुग्णाने नजर वळवली की खरा डाग पडद्याबरोबर सरकतो, धूळ सरकत नाही.

आता सफाई. २००३च्या ऑलिंपस ई-१ पासून कंपनाने धूळ झटकण्याची सोय आली. आधी मेन्यूतून तीच दोन-तीनदा चालवा. नाही जमले तर बॅटरी पूर्ण चार्ज करा, कारण डीएसएलआरमध्ये मध्येच वीज संपली तर वर उचललेला आरसा आणि शटर खाली आपटतात. सेन्सर साफ करण्याचा पर्याय निवडा, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. ब्लोअरचे टोक आत घालू नका. तोंडाने तर फुंकूच नका, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा चिवट असतात. डब्यातल्या दाबाच्या हवेसोबत थंडगार द्रव उडतो, म्हणून तीही नको. चिकटलेल्या कणासाठी सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब, त्यावर द्रवाचे एक-दोन थेंब आणि एकाच दिशेने एक हात. तोच स्वॅब पुन्हा वापरणे म्हणजे काचेवर वाळू घासणे. हात थरथरत असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरला द्यावे.

माझी घार ब्लोअरच्या पाचव्या झोताला उडाली. उजव्या काठाला एक पिल्लू उरले आहे. ते मी सध्या संगणकावरच पुसतो.