कर्नलला मराठी येत नाही

दिवाळीत जतला घरी गेले होते. चुलतभावाचा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट चालू होता: तालुक्यातल्या १२ गावांतल्या वाऱ्याच्या नोंदी. प्रत्येक गावाचं एक फोल्डर, आत ‘वाऱ्याचा-वेग’ नावाची फाइल. सरासरी काढणारी छोटी स्क्रिप्ट मी लिहून दिली. आकडा आला, त्याने तो अहवालात टाकलासुद्धा. नंतर सहज मोजलं, तर स्क्रिप्टने ५ च गावं वाचली होती. उरलेल्या ७ फोल्डरांत म्हणे अशी फाइलच नाही. उघडून बघावं तर फाइल समोर, नाव अगदी तेच!

माझा पीएचडीचा विषय फाइल सिस्टीम. त्यामुळे लाज जरा जास्तच वाटली. पण या गोंधळातून एक गोष्ट छान समजावता येते: कर्नल आपल्या प्रोग्रामशी नेमका कसा बोलतो.

खिडकी एकच

तुमचा प्रोग्राम डिस्कला थेट हात लावू शकत नाही. त्याला कर्नलकडे अर्ज करावा लागतो. या अर्जाला म्हणतात सिस्टीम कॉल. प्रत्येक कॉलला क्रमांक असतो. ६४ बिटी इंटेल-एएमडी मशीनवरच्या लिनक्समध्ये ‘रीड’ ०, ‘राइट’ १ आणि फाइल उघडणारा ‘ओपनॲट’ २५७. प्रोग्राम हा क्रमांक आणि नावाचा पत्ता रजिस्टरमध्ये ठेवतो आणि एक खास सूचना चालवतो. प्रोसेसर विशेषाधिकाराच्या स्थितीत जातो, कर्नल नाव स्वतःकडे कॉपी करतो आणि फाइल शोधायला लागतो. उत्तर म्हणून एक पूर्णांक मिळतो: सापडली तर ० किंवा त्याहून मोठा, नाहीतर ऋण. ‘अशी फाइल नाही’ म्हणजे -२.

कर्नलशी बोलायचे इतरही मार्ग आहेत, उदाहरणार्थ ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ या फोल्डरांतल्या आभासी फाइली. पण त्या वाचायलासुद्धा याच खिडकीतून जावं लागतं.

नाव म्हणजे नुसते बाइट

आता मुद्द्याचं. कर्नलला तुम्ही जे नाव देता, ते त्याच्या दृष्टीने अक्षरं नसतात, बाइटची रांग असते. ‘जत’ म्हणजे यूटीएफ-८ मध्ये ६ बाइट: २२४, १६४, १५६, २२४, १६४, १६४. आमच्या पूर्व भागात कोणी कानडीत नाव दिलं तरी कर्नलला फरक पडत नाही. नावात चालत नाहीत असे बाइट दोनच: शून्य आणि तिरकी रेघ. लांबीची मर्यादाही बाइटमध्येच असते, साधारणपणे २५५. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत तुमचं नाव संपलं.

आणि इथेच ‘वाऱ्या’ने घात केला. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पहिल्या प्रकारे ‘वाऱ्या’ १८ बाइटचा होतो, बाकी दोन्ही प्रकारे २१ चा. पडद्यावर तिन्ही सारखे. नोंदी तिघांनी तीन वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केल्या होत्या. कर्नलने बाइट ताडून पाहिले, जुळले नाहीत, -२ दिलं. उत्तर बरोबरच होतं. चूक माझी: फाइल नसेल तर गुपचूप पुढे जा, असं मीच स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं.

मग कर्नलनेच का सुधारू नये?

हा प्रश्न पडायलाच हवा. पण लिनक्सचा एक कडक नियम आहे: आज चालणारा प्रोग्राम उद्याच्या कर्नलवर मोडता कामा नये. उद्या कर्नलने दोन वेगळ्या बाइट-रांगांना एकच नाव मानलं, तर दोन्ही नावांच्या फाइली एकाच फोल्डरात ठेवणाऱ्यांचं काय? म्हणून २०१९ च्या लिनक्स ५.२ मध्ये ईएक्सटी४ ला युनिकोड समजणारी सोय मिळाली, तीही मागितली तरच आणि फोल्डर रिकामं असताना. शिवाय युनिकोडच्या नियमांनी पहिला आणि दुसरा प्रकार एक ठरतात. तिसरा वेगळाच राहतो. थोडक्यात, मराठी समजून घेण्याचं काम वरच्या थरातल्या प्रोग्रामचं. मी शेवटी तेच केलं: आधी नावं एनएफसी रूपात आणली आणि तिसऱ्या प्रकारासाठी वेगळा नियम लिहिला. १२ ही गावं आली, सरासरी बदलली आणि अहवाल जायच्या आत दुरुस्त झाला.

तुमच्यासाठी

संशोधनात उतरताना एक सवय लावून घ्या. आकडा विचित्र वाटो न वाटो, प्रोग्राम एकदा ‘एसट्रेस’खाली चालवा. प्रत्येक सिस्टीम कॉल आणि त्याचं उत्तर ओळीने दिसतं. देवनागरी नावं तिथे अष्टमान आकड्यांत दिसतात. ‘जत’ म्हणजे ३४०, २४४, २३४, ३४०, २४४, २४४. पहिल्यांदा किचकट वाटेल, पण कर्नलला जे दिसतं ते हेच. शंका आली तर मॅन पेजचा विभाग २ उघडा. कॉल काय देतो आणि कधी नाही म्हणतो, ते तिथे लिहिलेलं असतं.

आणि कर्नल नाही म्हणाला, तर ते उत्तर गिळू नका. निदान किती वेळा नाही म्हणाला, ते मोजून छापा. मी ती एक ओळ लिहिली असती, तर ७ गावं पहिल्याच दिवशी सापडली असती.