इंग्रजी षष्ठी, अपॉस्ट्रफी आणि देवनागरी

इंग्रजीतील अपॉस्ट्रफी हे मुळात लोपचिन्ह होय. प्राचीन इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठी एकवचनी प्रत्ययात ‘स्’पूर्वी स्वर असे, तो लोपल्यावर कालांतराने त्याच्या जागी हे चिन्ह रूढ झाले. बहुवचनी ‘स्’नंतर ते लावण्याची प्रथा त्याहून उशिरा स्थिरावली. ‘मुलाचे’ आणि ‘मुलांचे’ यांतील भेद मराठीत कानालाही जाणवतो. इंग्रजी ‘बॉईज’मध्ये मात्र तो केवळ चिन्हाच्या स्थानावर अवलंबून असतो. ‘इट्स’ या रूपाने तर जाणकारही चकतात: चिन्हासह ‘ते आहे’, चिन्हाविना ‘त्याचे’.

तौलनिक अभ्यासकाला हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा मानता येत नाही. जेम्स जॉइसने ‘फिनेगन्स वेक’ (१९३९) हे शीर्षक एकोणिसाव्या शतकातील एका आयरिश-अमेरिकन लोकगीतावरून घेतले. गीताच्या शीर्षकात अपॉस्ट्रफी आहे, जॉइसने ती गाळली. परिणामी फिनेगनच्या शवाशेजारचे जागरण आणि अनेक फिनेगनांचे जागे होणे, असे दोन्ही अर्थ त्याच शब्दांत सामावले. मराठीत ‘चे’ लिहिताच दुसरा अर्थ मावळतो. लिप्यंतरानेही सुटका नाही, कारण देवनागरीत गीत आणि कादंबरी यांची शीर्षके अक्षरशः एकच होतात. हा भेद अभ्यासकाला शब्दांतच नोंदवावा लागतो.