एकाच गवयाच्या अनेक तबकड्या : आवडती कोणती?

आपणांस काय आवडते असे कोणी विचारले असता मनुष्य चटकन उत्तर देतो. ते का आवडते असे विचारले असता मात्र तो घुटमळतो. गेल्या वर्षी आमच्या वरच्या वर्गात असाच प्रसंग घडला. तासाच्या शेवटी गाण्याविषयी बोलणे निघाले आणि आम्ही सहज विचारले, "एखाद्या गवयाने आयुष्यभर गाऊन ठेवलेल्या संगीतातून तुम्हांस एकच तबकडी ठेवून घेण्यास सांगितले, तर कोणती ठेवाल?" कोणी म्हणाला, जी सर्वांत प्रसिद्ध ती. दुसरा म्हणाला, जी सर्वांत पहिली ती. तिसऱ्याने वडिलांस विचारून सांगतो म्हटले. हा प्रश्न करमणुकीचा असला तरी त्यात विवेकाचे शिक्षण भरलेले आहे, असे आम्हांस वाटले. म्हणून त्याचा विचार येथे थोडा सविस्तर करीत आहोत.

प्रथम तबकडी म्हणजे काय ते पाहू. आज गाणे खिशातल्या मोबाइलवर वाजते आणि एकेक सुटे ऐकले जाते, त्यामुळे हा शब्द मुलांस जुना वाटेल. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटांचेच गाणे मावत असे. तासभर राग आळविणाऱ्या गवयास तेवढ्यातच सारे आटोपावे लागे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लांब तबकडी बाजारात आणली; तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले. या साधनामुळे कलावंताची दृष्टीच पालटली. सुटी गाणी गोळा करण्याऐवजी एकाच कल्पनेभोवती सबंध तबकडी गुंफावी, असे अनेकांच्या मनात येऊ लागले. इंग्लंडात पुढे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' नावाचा जो संगीतप्रकार निघाला, त्याचा मोठा आधार ही लांब तबकडीच होय. माइक ओल्डफील्ड या वीस वर्षांच्या तरुणाने १९७३ साली 'ट्युब्युलर बेल्स' ही तबकडी काढली. तिच्या दोन्ही बाजूंस मिळून एकच रचना असून बहुतेक वाद्ये त्याने स्वतःच वाजविली आहेत. त्यानंतर त्याने कित्येक तबकड्या काढल्या. तरी पहिली श्रेष्ठ की नंतरची, हा वाद रसिकांत चालूच राहिला.

असाच वाद आपल्याकडे ज्यांच्याविषयी घालता येईल, असे गायक म्हणजे पंडित कुमार गंधर्व. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. १९२४ साली बेळगावाजवळील सुळेभावी येथे त्यांचा जन्म झाला. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्यांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवी, आणि बालवयातच 'कुमार गंधर्व' ही पदवी त्यास मिळाली. पुढे मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या संगीतशाळेत त्यांचे रीतसर शिक्षण झाले. कीर्ती वाढत असतानाच क्षयाने त्यांस गाठले. हवापालटासाठी १९४८ च्या जानेवारीत ते माळव्यातील देवास या गावी जाऊन राहिले. गाणे बंद झाले. बोलण्याचेही श्रम नकोत, अशी वैद्यांची आज्ञा होती. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नुकतेच निघाले होते. त्या औषधाने व पत्नी भानुमती यांच्या शुश्रूषेने ते वाचले. परंतु एक फुफ्फुस निकामी झाले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले, आणि पुढे जवळजवळ चार दशके, म्हणजे १९९२ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत, ते गात राहिले.

आता निवडीस बसू. आपल्यापुढे निदान पाच दालने आहेत. पहिल्यात बालपणीच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या. त्यांत आवाजाची लखलखती धार आहे. दुसऱ्यात आजारानंतरचे ख्याल : लांबलचक तानांऐवजी छोटे, नेमके, एकदम उसळून एकदम शांत होणारे स्वरसमूह. श्वास थोडा, म्हणून प्रत्येक स्वर तोलून वापरलेला. तिसऱ्यात 'गीतवर्षा'सारखे ऋतूंचे कार्यक्रम. पावसाळ्याशी जोडलेले राग, बंदिशी व लोकगीते त्यांत एका सूत्रात ओवली आहेत. चौथ्यात संतांची पदे : कबीर, सूरदास आणि मीराबाई यांची भजने एकत्र आणणारी 'त्रिवेणी'. तीत त्यांच्या पत्नी वसुंधरा कोमकळी यांचा आवाजही आहे. नाट्यसंगीतातील महान नट-गायकाचे गाणे आपल्या दृष्टीने पुन्हा मांडणारा 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रमही आम्ही याच दालनाच्या शेजारी ठेवितो. पाचव्यात माळव्याची लोकगीते. इतक्यांतून एकच उचलावयाची!

त्यासाठी तीन कसोट्या आम्हांस उपयोगी वाटल्या.

पहिली कसोटी सबंधपणाची. तबकडीत एखादे गाणे उत्तम असून बाकीची भरताड असतील, तर ते गाणे आवडते म्हणावे; तबकडी आवडती म्हणू नये. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्यावाचून मत देणे म्हणजे पुस्तकाचे एक पान वाचून परीक्षेस बसणे होय.

दुसरी कसोटी पुनःश्रवणाची. जे पहिल्या ऐकण्यात दिपवून टाकते ते दहाव्या वेळी पुष्कळदा फिके पडते. जे प्रथम ओबडधोबड वाटते ते हळूहळू मनात घर करिते. आमचाच अनुभव सांगावयाचा तर, कुमारांचे उत्तरकाळचे गाणे तरुणपणी आम्हांस तुटक वाटले होते. ते तुटक नसून मोजके आहे, हे ध्यानात येण्यास आम्हांस काही वर्षे लागली. दोष गाण्याचा नव्हता, कानाचा होता.

तिसरी कसोटी साहसाची. हातखंडा असलेले काम कलावंत पुन्हा करितो तेव्हा आपण टाळ्या वाजवितो; पण त्याने कोणत्या ठिकाणी मिळालेली कीर्ती पणास लावून नवी वाट धरिली, हेही पाहिले पाहिजे. बाल गंधर्वांसारख्या आराध्य गायकाच्या गाण्यास 'मला उमजलेले' असे शीर्षक देऊन रसिकांसमोर मांडणे, हे असेच साहस होते.

या कसोट्या लावून पुष्कळ जाणकार 'त्रिवेणी' निवडतील, आणि त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही. कबीराचे निर्गुण पद कुमारांच्या आवाजात ऐकिले म्हणजे रिकाम्या देवळात उभे राहिल्यासारखे वाटते. तरीही आमची निवड निराळी आहे. आम्ही माळव्याच्या लोकगीतांची तबकडी ठेवून घेऊ.

का, ते सांगतो. देवासच्या घरात अंथरुणावर पडलेल्या त्या गायकास गाता येत नव्हते. ऐकता मात्र येत होते. लग्नकार्यातल्या बायकांची गाणी, सणावारांची गाणी, वाटेने जाणाऱ्या भजन्यांचे सूर त्यांच्या कानी पडत. ज्याने मुंबईच्या जाणत्या श्रोत्यांची वाहवा मिळविली होती, तो आता निरक्षर बायकांच्या गाण्याचा विद्यार्थी झाला. त्यांनी ती गाणी जमविली व स्वरलिपीत लिहून घेतली. चार-पाच स्वरांच्या या साध्या धुनांतच रागाचे बीज असते, असे त्यांचे मत झाले. अशा धुनांतून त्यांनी नवे राग घडविले व त्यांस 'धुनउगम राग' म्हटले. १९६५ साली निघालेल्या त्यांच्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांच्या बंदिशी वाचावयास मिळतात. म्हणजे उत्तरकाळच्या कुमारांचे सारे वैभव ज्या झऱ्यातून वाहिले, तो झरा या एका तबकडीत सापडतो. शास्त्रीय गवयाने गावंढळ गाणी का गावी, असे म्हणणारांस त्यांनी गाऊनच उत्तर दिले.

परंतु आमच्या निवडीस आणखी एक कारण आहे, आणि ते सांगताना आम्हांस थोडी लाज वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गास घरचे एक गाणे लिहून आणण्यास सांगितले होते. पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने कोरा कागद दिला. विचारले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "आमच्याकडे गाणे नाही, सर. आजी नुसती म्हणते." तिची आजी धवलेरी होती. वारली समाजाच्या लग्नात जिच्या गाण्यावाचून विधी पार पडत नाही, ती ही धवलेरी! अशी गाणी तिला किती मुखोद्गत असतील! आणि आम्ही काय केले? "बरे, मग पुस्तकातले एखादे लिही," असे म्हणून पुढच्या बाकाकडे वळलो. त्या मुलीने आपल्या आजीच्या गाण्यास गाणे म्हटले नाही, आणि तिच्या गुरुजींनीही म्हटले नाही. पुढे माळव्याची ती तबकडी ऐकीत असता हा कोरा कागद आम्हांस आठवला, आणि माळव्यातल्या त्या आजारी माणसापाशी जो कान होता तो आमच्यापाशी नव्हता, हे कळले.

जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरात संगीताची उणीव नाही. सुकविलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून केलेला तारपा आपण सर्वांनी पाहिला आहे. नवे भात घरात आले की रात्री त्याच्याभोवती फेर धरला जातो. वाजविणारा एकीकडे नाकाने श्वास घेतो आणि दुसरीकडे गालांत साठविलेला वारा फुंकीत राहतो, म्हणून सूर खंडत नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांनी उभे आयुष्य या वाद्यास वाहिले आणि त्यांचे नाव जिल्ह्याबाहेरही पोहोचले. अशा वादकाच्या दीर्घ कारकीर्दीतून आवडते निवडावयाचे झाल्यास दुकानात तबकड्यांची रांग सापडावयाची नाही. त्यासाठी फेरात उभे राहून स्वतःच ऐकले पाहिजे.

तेव्हा विद्यार्थीमित्रहो, आमची निवड तुम्ही उचलू नका. उसनी आवड ही उसन्या अंगरख्यासारखी असते. ती अंगास बसत नाही. एखाद्या गायकाची निदान तीन निरनिराळ्या वयांतील गाणी सबंध ऐका, काही दिवसांनी पुन्हा ऐका, आणि मग 'मला उमजलेले' काय ते दहा ओळींत लिहा. पालकांस आमची एवढीच विनंती की, मूल आपली आवड सांगू लागले असता तिला हसू नये, "का?" एवढेच विचारावे.

ती मुलगी आता शाळा सोडून गेली आहे. आजी आहे. येत्या सुट्टीत वही घेऊन तिच्या पाड्यावर जाण्याचे आम्ही योजिले आहे. कोऱ्या कागदाची ती पहिली ओळ आता आम्ही लिहून घेणार आहोत. सांगणार अर्थात आजी.