जहांगिराच्या शिकारीची यादी

पशुपक्ष्यांच्या जुन्या याद्या केवळ कौतुकाच्या म्हणून बाजूस पडतात, हें बरें नव्हे. जहांगीर बादशहानें जुलूस सन ११ अखेर (इ. स. १६१७) वाकेनवीस व शिकारीचे हिशेबनीस यांजकडून वयाच्या बाराव्या वर्षापासूनची यादी करविली, ती त्याच्या आत्मचरित्रांत आहे. एकूण शिकार २८,५३२. पैकीं स्वहस्तें मारलेली १७,१६७. त्यांत चतुष्पाद ३,२०३ व पक्षी १३,९६४. बेरीज बरोबर जुळते! अर्थात् हे तीन आंकडे तरी नकलनविसांच्या हातून बिघडलेले दिसत नाहींत. ‘शेर’ ८६ मात्र जपून घ्यावे. रॉजर्सच्या इंग्रजी भाषांतरांत ‘वाघ’ छापलें असलें तरी हा फारसी शब्द सिंहासही लागतो, आणि त्या काळीं उत्तर हिंदुस्थानांत दोन्ही होते. ज्यांच्या संग्रहीं या ग्रंथाची पोथी असेल त्यांनीं चतुष्पादांच्या पोटरकमाही अशाच ताळून पाहाव्या.