दूधसागरची रेल्वे पोर्तुगीजांनी बांधलेली नाही

पावसाळा जवळ आला की पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये दूधसागर धबधब्याचे बेत ठरू लागतात आणि एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘पोर्तुगीजांनी घाटात काय रेल्वे बांधली बघा!’ कितीही वेळा खोडून काढलं, तरी ते पुन्हा ऐकावं लागतं.

वस्तुस्थिती अशी. या मार्गाचा पाया १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार. इंग्रजांना गोव्यातलं मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडायचं होतं आणि गोव्याच्या मिठावर ताबाही हवा होता. मिठाच्या बदल्यात ते गोवा सरकारला वर्षाला ४ लाख रुपये देऊ लागले. रेल्वेसाठी १८८१ मध्ये लंडनला कंपनी निघाली : वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. भांडवल ब्रिटिश, बांधकामही ब्रिटिशांचं. पोर्तुगालने हमी दिली ती गुंतवणूकदारांच्या व्याजाची. ‘मग रेल्वे त्यांचीच ना?’ नाही! फ्लॅटच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस इमारत बांधत नाही. १८८८ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली आणि १९०२ पासून ती चालवली तीही ब्रिटिश सदर्न मराठा रेल्वेने.

याच मार्गाबद्दलचे आणखी काही गैरसमज :

‘गोव्यात रेल्वे आणली कोकण रेल्वेने.’ कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधीपासून मिरज, बेळगाव, लोंढामार्गे पुणेकर गोव्याला जात होते. गोवा एक्सप्रेस आजही याच वाटेने जाते.

‘कॅसलरॉक गोव्यात आहे.’ हे स्टेशन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आज कर्नाटकात आहे.

‘गोव्याची हद्द नावापुरतीच होती.’ कॅसलरॉकला आपल्या बाजूचे आणि गोव्यातल्या कुळ्याला पोर्तुगीजांचे जकात अधिकारी सामान तपासत.

‘सरहद्द ओलांडणारी पहिली गाडी समझोता एक्सप्रेस.’ ती भारत-पाकिस्तान गाडी १९७६ ची; दूधसागरची गाडी त्याच्या कितीतरी आधी सरहद्द ओलांडत होती.

‘गोवा मुक्त होईपर्यंत गाडी चालू होती.’ हे तर पुण्यात कुणी बोलूच नये. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहाची आखणी पुण्यातल्या गोवा विमोचन सहाय्यक समितीने केली होती. निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, भारताने हद्द बंद केली आणि गाडीही थांबली. हा मार्ग पुन्हा जोडला गेला तो १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतरच.

यंदा दूधसागरला गेलात तर रुळांवरून चालू नका, तो गुन्हा आहे. आणि सोबतच्या मुलांना खरा इतिहास सांगा : पैसा लंडनचा, हमी पोर्तुगालची आणि हद्द पुसली ती भारताने.